पाहुण्यांचं नेटवर्क

मी वायरमन होतो. होतो म्हणजे कागदावर; निवृत्तीनंतरही खांब दिसला की माझी मान आपोआप वर जाते. मूल या तालुक्याच्या गावाहून गडचिरोलीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि त्यांच्या मागे जंगल. त्या पट्ट्यातल्या बऱ्याच गावांचे दिवे माझ्या हाताखालून गेले, आणि बरेच आकडेही माझ्याच हाताने निघाले. आकडा म्हणजे मीटरला बगल देऊन कुणी थेट तारेवर अडकवलेली वायर. मी लांब काठीने ती खाली ओढायचो, घरमालक हात जोडायचा, त्याची बायको चहा आणायची. चहा पिऊन मी वायर गुंडाळून घेऊन जायचो. लोक मला खडूस म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

असा मी, आणि चोरी सुरू झाली माझ्याच घरात. तीही बिनतारेची.

वाय-फाय आमच्याकडे आलं ते बायकोमुळे. आमचं लग्न झालं तेव्हा ती बारावी पास होती आणि पुढे शिकायचं म्हणत होती. मग मुलगी, शेती, माझ्या आईचं दुखणं असं करत ते राहून गेलं. मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली त्या वर्षी बायकोने भाजी निवडता निवडता मला सांगितलं, “आता मी बी.ए. करीन. मुक्त विद्यापीठातून. तुमी फक्त नेटचं पाहा.”

मी थट्टा करणार होतो, पण तिचा चेहरा पाहून नेटच्या चौकशीला लागलो.

आमच्या गावात मोबाईलला रेंज आहे, पण ती पाण्याच्या टाकीवर आहे. खाली उतरलं की गेली. टाकीवर बसून कुणाचं बी.ए. होत नाही. म्हणून मी मूलच्या केबलवाल्याकडून कनेक्शन घेतलं. त्याने टीव्हीच्या वर एक पांढरा डबा ठोकला, एक ते आठ आकडे ओळीने टाकून पासवर्ड लावला आणि “मागून बदलवून घ्या भाऊ” असं म्हणून तो गेला. मी बदलला नाही. कोण बदलतो?

पहिली दोन वर्षं बरी गेली. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की ती आतल्या खोलीत फोन पुस्तकाला टेकवून बसायची. मी तिकडे फिरकायचं नाही असा नियम होता. शेवटच्या वर्षाला मात्र नेटची गाडी रुतायला लागली. शिकवणाऱ्या मॅडम बोलता बोलता उघड्या तोंडाने थांबायच्या आणि ही बिचारी पेन धरून ते तोंड मिटायची वाट पाहत बसायची.

त्यातच तिच्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेची तारीख आली. प्रकल्प होता रोवण्याच्या गाण्यांचा. पावसाळाभर ती बांध्यांमधून बायकांच्या मागे फिरली होती. त्या धानाची रोपं लावत गायच्या आणि ही गुडघाभर चिखलात फोन उंच धरून ते गाणं भरून घ्यायची. आता परीक्षक ऑनलाइन प्रश्न विचारणार होते. मधेच कनेक्शन तुटलं तर गैरहजर धरणार, आणि मग सगळं पुढच्या वर्षावर.

“पुढच्या वर्षी माह्याच्यानं होत नाई,” ती म्हणाली. “आत्ता झालं तं झालं. नाई तं मी सोडून देते.”

हे तिने कांदा चिरत सांगितलं. तिचे डोळे कशाने भरले होते ते मी विचारलं नाही.

मी केबलवाल्याला फोन लावला. त्याने मला डब्याच्या आत कसं शिरायचं आणि नेटवर कोण कोण बसलंय ते कसं पाहायचं ते सांगितलं. पाहिलं तर वर आमचे दोन फोन, आणि त्यांच्या खाली अनोळखी फोनांची ही भलीमोठी रांग! त्यात कुणाचा तरी टीव्हीसुद्धा होता. माझं डोकं फिरलं. अख्ख्या गल्लीने माझ्या डब्यावर आकडे टाकले होते. मी तिरीमिरीत अंगणात आलो आणि, खोटं कशाला सांगू, वर पाहून वायर शोधायला लागलो. मग आठवलं, ह्याला वायर नसते.

पासवर्ड बदलायचा ठरलं. आता इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. वायरमन खांबावर असतो आणि त्याचा सोबती दूर डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ. खालून तो ओरडतो, “लाईन बंद!” वरचा ओरडतो, “लाईन बंद!” असं दोन्हीकडून ऐकू आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. या रीतीने माझा जीव राखला, म्हणून मी ती घरातही आणली. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी ओरडायचो, “गॅस बंद!” आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, “गॅस बंद!” मुलगी लहानपणी आंघोळीला जातानासुद्धा “हीटर बंद!” म्हणायची.

तर मी डब्यापाशी स्टुलावर उभा, आणि ती आतल्या खोलीत फोन घेऊन. पासवर्ड मी जबरदस्त काढला होता: आधी इंग्रजीत डीपी आणि मग नोकरीत मी बसवलेल्या पहिल्या डीपीचा नंबर. जगात कुणाला कळणार?

“कॅपिटल डी!”

“कॅपिटल डी!”

“कॅपिटल पी!”

“कॅपिटल पी!”

शेवटच्या आकड्यापर्यंत आम्ही गेलो. त्या संध्याकाळी मॅडमचं व्याख्यान लोण्यासारखं गेलं आणि मी मिशीवर हात फिरवत ओसरीत बसलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा उघड्या तोंडाने थांबल्या. डब्यात शिरून पाहिलं तर रांग पुन्हा तशीच, टीव्हीसकट. मी दुसरा पासवर्ड लावला, बायकोच्या माहेरच्या गावाचा. तोही एक दिवस टिकला. तिसऱ्यात मी मधेमधे नाही नाही त्या खुणा घातल्या, ॲट काय नि हॅश काय. त्या ओरडून सांगताना माझा घसा बसला. संध्याकाळपर्यंत रांग हजर.

आता माझा संशय घराकडेच वळला. आमची बाई देणारी आहे. दारात आलेल्याला ती रिकामी पाठवत नाही. शेजारणीला तेल देते, मीठ देते, मग पासवर्ड का नाही देणार? मी तसं बोलून दाखवलं आणि लगेच पस्तावलो.

“मी काऊन सांगीन?” तिने हातातला डाव खाली ठेवला. “परीक्षा माही हाय का गल्लीची?”

त्या दिवशी तिने ताट माझ्यापुढे आपटलं. आपटलं, पण जेवण झकास होतं, कारण त्या दिवसांत शेजारपाजारहून आमच्याकडे रोज काही ना काही येत होतं. एकीकडून लाखोळीच्या डाळीचे वडे, दुसरीकडून तळ्यातले झिंगे, कुणी पोपटाच्या शेंगांचे सोललेले दाणे पाठवले, तर कुणी नव्या तांदळाचं पीठ. मला वाटलं, बाई अभ्यास करते म्हणून बायका हातभार लावत आहेत. माणुसकी अजून आहे म्हणत मी वडे खात होतो आणि त्याच माणसांना मनातल्या मनात चोर ठरवत होतो.

शेवटी माझा संयम संपला. शेजारचा गडी माझ्याच वयाचा, धानाचा शेतकरी. त्याच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत, तीही पुरुषभर उंचीची. त्याच्या ओसरीतून दिवसभर गाणी ऐकू यायची. मी थेट त्याच्या अंगणात गेलो. तो खाटेवर पडून फोनवर शंकरपटाच्या शर्यतीत पळणारे बैल पाहत होता.

“जयभीम भाऊ, या या,” तो उठून बसला. “बसा. सुनबाई, चहा मांड वं!”

“चहा राहू दे. हे नेट कोणाचं हाय?”

“तुमचंच तं हाय,” तो अगदी सहज म्हणाला.

“आन पासवर्ड कोण सांगते तुमाले?”

मला ऊन लागलंय की काय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. “तुमीच तं सांगता, भाऊ.”

“मी?”

“मंग! तुमी आन वैनी दोघंही सांगता, एक एक अक्षर, दोनदा दोनदा. आमची सून भिंतीपाशी फोन घेऊन उभी राह्यते. ती पुढच्या घरी सांगते, ते त्याच्या पुढं. अख्खी गल्ली तुमचं नाव काढून राह्यली. म्हणतात, वायरमन भाऊनं जलमभर आकडे काढले, पण आता पाहा किती मोठ्या मनाचा झाला, रोज नवा पासवर्ड स्वतः वरडून सांगते.” मग थोडं पुढे झुकून तो म्हणाला, “फक्त कालचा जरा भारी होता. ते हॅश का काय, ते सुनेले सापडलंच नाई लवकर. सोपा देत जा ना.”

आतून सून चहा घेऊन आली. मी तो प्यालो. जन्मभर आकडेवाल्यांच्या घरी प्यालो होतो, पण तेव्हा निदान काठी माझ्या हातात असायची. वड्यांचा, झिंग्यांचा, पिठाचा अर्थ एकदम डोक्यात शिरला. ही माणसं फुकट काही घेत नव्हती. त्यांच्या परीने ती रोज परतफेड करत होती आणि मीच गावभर दवंडी पिटून चोर शोधत फिरत होतो.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती आधी बघतच राहिली आणि मग अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की भिंतीला धरून खाली बसली. माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही हसलो. भिंतीपलीकडूनही कुणीतरी हसलं, म्हणजे तेही ऐकू गेलं होतं.

मग ती डोळे पुसून उठली आणि सूत्रं तिने आपल्या हातात घेतली.

“गल्लीले तोडू नका,” ती हळू आवाजात म्हणाली. “वडे खाल्ले आपण. पण माह्या परीक्षेचं नेट वेगळं पायजे.”

केबलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, सोपं आहे, त्याच डब्यातून दुसरं नेटवर्क सोडता येतं, खास पाहुण्यांसाठी. त्याला वेगळा पासवर्ड द्यायचा आणि वेग बांधून द्यायचा. पाहुण्यांनी कितीही बैल पळवले तरी घरच्या नेटला धक्का लागत नाही. हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडणार होतो, पण बायकोने डोळे मोठे केले.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड मिटून काम केलं. नुसतं बोटाने दाखवत गेलो आणि ती दाबत गेली. घरच्या नेटवर्कच्या पासवर्डपाशी आलो तशी तिने फोन स्वतःकडे वळवला.

“तिकडं पाहा,” ती म्हणाली.

मी भिंतीकडे पाहिलं. तिची बोटं बराच वेळ चालत होती.

“केवढा मोठा ठेवलास?” मी कुजबुजलो.

“तुमच्या जिभेपेक्षा लहानच हाय.”

डब्याच्या आत शिरायचा पासवर्डही तिने त्याच झटक्यात बदलला. मग पाहुण्यांचं नेटवर्क चालू केलं, त्याचा पासवर्ड तिने माझ्या कानात सांगितला आणि म्हणाली, “जा, आता हा सांगा.” मी गच्चीवर गेलो आणि छाती भरून ओरडलो. एक एक अक्षर, दोनदा. पलीकडच्या अंगणातून सुनेने प्रत्येक अक्षर परत म्हणून दाखवलं. इतक्या मोकळेपणाने मी नोकरीतही कधी ओरडलो नव्हतो.

पण खरी कसोटी पुढे होती. परीक्षेची तारीख आमच्या मंडईच्या दिवशीच आली होती. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. बाजार लागतो, नाटक होतं आणि प्रत्येक घर पाहुण्यांनी फुगतं. ज्याच्याकडे मंडईला पाहुणा नाही त्याचं कुणाशी तरी भांडण झालंय असं लोक समजतात. प्रत्येक पाहुण्याच्या खिशात फोन. सगळे आल्या आल्या पाणी प्यायचे, मग विचारायचे, “इथी नेट लागते म्हन्तात?”

परीक्षेच्या वेळी बायकोने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं, आतल्या खोलीत पुस्तकांच्या थप्पीला फोन टेकवला आणि दार लावून घेतलं. मी बाहेर स्टूल टाकून बसलो. गल्लीत पाहुण्यांची ही गर्दी, प्रत्येकजण खाली मान घालून फोनवर. माझा जीव टांगणीला लागला होता. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं केलंय हे मला कळत होतं, तरी मी दाराला कान लावला.

आधी परीक्षकांचा आवाज, मग हिचा. हिचा थोडा कापत होता. मग हळूहळू स्थिरावला. गाणी कुठे मिळाली, कुणी सांगितली, रोवणा करतानाच का गातात, असे प्रश्न. ही सांगत होती, वाकून वाकून कंबर मोडते म्हणून गातात, गाणं चालू असलं की सगळ्यांचे हात एका चालीत पडतात आणि मागे कुणी राहत नाही. आवाज कुठेच तुटला नाही. मग परीक्षक मॅडम म्हणाल्या, “एखादं म्हणून दाखवाल?”

ती क्षणभर थांबली. मला वाटलं, गेलं नेट. पण नाही, ती श्वास घेत होती. तिने पहिली ओळ उचलली.

आणि ती ओळ संपते ना संपते तोच गल्लीतून तिला झेल मिळाला. आधी शेजारच्या सुनेचा, मग तिच्या सासूचा, मग वडे पाठवणारीचा, झिंगे पाठवणारीचा. रोवण्याचं गाणं एकटीने म्हणायचंच नसतं. एकीने सोडायचं आणि बाकीच्यांनी धरायचं. पाहुण्या आलेल्या बायकाही फोन कमरेला खोचून त्यात शिरल्या. ज्यांच्याकडून तिने चिखलात उभं राहून गाणी भरून घेतली होती त्या सगळ्या खिडकीखाली जमल्या आणि गायला लागल्या. मी हातवारे करून गप्प करायला धावलो. कॉपी केली म्हणून परीक्षा रद्द करतील ही माझी भीती. पण वायरमनचं कोण ऐकतो?

गाणं संपलं. मग परीक्षक मॅडमचा आवाज आला, “बाहेर कोण आहे हो?”

“मॅडम,” आमची बाई म्हणाली, “माहा प्रकल्पच बाहेर उभा हाय.”

फोनमधून टाळ्यांचा आवाज आला. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा मी स्टुलावर बसून ढसाढसा रडत होतो आणि गल्लीतल्या बायका मला हसत होत्या. मला कसलीच लाज वाटली नाही. इतका आनंद मला मुलीच्या नोकरीच्या दिवशीही झाला नव्हता.

ती पास झाली. प्रकल्पाला सगळ्यात चांगले गुण पडले. गल्लीत पेढे वाटताना मी ओरडत होतो आणि शेजारी परत म्हणत होते.

पुढे मुलीने मला नवा फोन पाठवला. मी तो घेऊन बायकोपाशी गेलो आणि म्हणालो, “परीक्षा झाली, आता तरी घरचा पासवर्ड सांग.”

“नाई सांगत.”

मला वाटलं, थट्टा करते. मी पुन्हा विचारलं. तिने सुपातले खडे काढणं थांबवलं आणि अजिबात न रागावता म्हणाली, “या घरात असं काय हाय जे तुमाले माहीत नाई? कपाटाची चावी तुमच्याजवळ. माही पेटी तुमी उघडता. माह्या मायचा फोन आला तं आधी तुमी उचलता. मी काई म्हन्ते का? पण हे एक राहू द्या माह्याजवळ.”

मी तिथेच बसलो आणि तिच्याबरोबर खडे काढू लागलो.

तेव्हापासून माझा फोन पाहुण्यांच्या नेटवर्कवर आहे, शेजारच्या गड्यासोबत, त्याच्या बैलांसोबत. जरा हळू चालतो. डब्याच्या मागे एक बारीक छिद्र असतं. त्यात टाचणी दाबून धरली की सगळे पासवर्ड पुसले जातात आणि डबा पुन्हा कोरा होतो. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. तरी तिच्या टाचण्यांची डबी शिलाई मशीनवर उघडीच असते.